विश्लेषण : बिबट्या की कुत्रा? ठसे आणि विष्ठेवरून प्राणी ओळखणे मुलांना का शिकवावे?

शेताच्या बांधावर पंजाचा ठसा दिसतो, कोणीतरी त्याचे छायाचित्र गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकते आणि तासाभरात ‘बिबट्या आला’ ही बातमी चार वाड्यांवर पोहोचते. वन कर्मचारी येऊन पाहतात, तेव्हा अनेकदा तो ठसा कुत्र्याचा किंवा तरसाचा निघतो. कधी उलटेही होते. ठसा खरोखर बिबट्याचा असतो, पण ‘कुत्रेच असेल’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. ज्या गावांत बिबट्या, वाघ, अस्वल, रानडुक्कर यांच्याशी रोजचा संबंध येतो, तिथल्या मुलांना या खुणा वाचायला शिकवाव्यात का, शिकवायचे तर कसे आणि त्यातून काय साधेल, याचा हा आढावा.

हा विषय आत्ताच महत्त्वाचा का?

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबुत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा बळी गेला. त्यांत दोन लहान मुले होती. त्यानंतर रास्ता रोको झाले, पिंजरे वाढवले गेले, नसबंदी आणि स्थलांतराची चर्चा सुरू झाली. बिबटप्रवण भागातील शाळांच्या वेळा बदलण्याचा मुद्दाही पुढे आला. त्याच काळात अनेक शहरांत आणि गावांत बिबट्याची खोटी छायाचित्रे फिरू लागली. त्यांतली काही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने बनवलेली होती. वन विभागाला हल्ल्यांच्या तपासाबरोबर अफवांच्या मागेही धावावे लागले.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अंदाजानुसार देशात १३,८७४ बिबटे आहेत. त्यांपैकी १,९८५ महाराष्ट्रात आहेत. हा अंदाज प्रामुख्याने जंगली भागाचा आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, अकोले, संगमनेर, निफाड अशा ऊसपट्ट्यात जन्मलेले आणि वाढलेले बिबटे त्या हिशेबात नीट येत नाहीत. याच पट्ट्यात मुले सकाळ-संध्याकाळ उसाच्या कडेने शाळेत ये-जा करतात. विदर्भात परिस्थिती वेगळी, पण प्रश्न तोच. चंद्रपूर-गडचिरोलीत मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करण्याच्या दिवसांत माणूस आणि वाघ एकाच वाटेवर येतात. प्राणी प्रत्यक्ष दिसण्याच्या आधी त्याच्या खुणा दिसतात. त्या वाचता येणे ही इथे हौसेची बाब राहत नाही.

ठशावरून प्राणी कसा ओळखतात?

पहिला प्रश्न खूर की पंजा, हा असतो. खूर असेल तर हरिण, रानडुक्कर, गवा, नीलगाय किंवा गावातली गुरे-शेळ्या. चितळाचा ठसा लहान, निमुळता, बदामाच्या आकाराचा. सांबराचा तसाच, पण बराच मोठा. रानडुकराच्या खुरामागे मऊ मातीत दोन लहान खुणा उमटतात. त्या मागच्या बाजूच्या उपखुरांच्या असतात आणि खुराच्या रुंदीपेक्षा किंचित बाहेर पडतात. गव्याचा ठसा बैलासारखा गोलसर, पण आकाराने मोठा असतो. रानात चरायला जाणाऱ्या गुरांमुळे इथे चूक होण्याची शक्यता अधिक असते.

पंजा असेल तर बोटे मोजायची. मांजरकुळातील प्राणी म्हणजे वाघ, बिबट्या, रानमांजर. श्वानकुळातील म्हणजे कुत्रा, लांडगा, कोल्हा, खोकड. दोन्हींच्या ठशात चार बोटे दिसतात. तरसाचीही चारच. अस्वल, मुंगूस आणि उदमांजर यांच्या ठशात पाच बोटे उमटतात. अस्वलाच्या मागच्या पायाचा ठसा माणसाच्या अनवाणी पावलासारखा दिसतो. पुढच्या पायाच्या ठशासमोर मात्र लांब नखांच्या खुणा असतात.

बिबट्या आणि कुत्रा यांतला फरक गावकऱ्यांच्या सर्वाधिक कामाचा. मांजरकुळातील प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात. त्यामुळे ठशात सहसा नखे दिसत नाहीत. कुत्र्याच्या ठशात बोटांपुढे नखांचे टोक दिसते. बिबट्याच्या तळव्याची गादी मोठी असते आणि तिच्या मागच्या कडेला तीन उंचवटे असतात. त्याची बोटे एका रेषेत सारखी नसतात. एक बोट थोडे पुढे असते. त्यावरून पाय डावा की उजवा, हेही सांगता येते. कुत्र्याची दोन मधली बोटे जवळजवळ समान आणि पुढे असतात. गादी आणि बोटे यांच्यामधल्या जागेतून मनातल्या मनात फुली मारता येते. तरसाच्या ठशातही नखे दिसतात, गादी वाकडीतिकडी असते आणि पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा असतो.

फक्त आकारावर विसंबून चालत नाही. बिबट्याचा पंजा साधारण सात ते नऊ सेंटीमीटर रुंद असतो आणि मोठ्या कुत्र्याचा ठसा त्याच्या जवळपास जातो. ओल्या चिखलात ठसा पसरतो, कोरड्या वाळूत त्याच्या कडा ढासळतात. चिखलात घसरताना किंवा उडी मारताना बिबट्याचीही नखे उमटू शकतात. म्हणून अनुभवी वनरक्षक एका ठशावर निकाल देत नाही. तो दहा-वीस पावले मागोवा घेतो, दोन पावलांमधले अंतर पाहतो, मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडला आहे का ते तपासतो.

विष्ठेतून काय कळते?

ठसा प्राणी तिथून गेला हे सांगतो. विष्ठा त्याने काय खाल्ले आणि तो कुठे वावरतो, हे सांगते. मराठीत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत. गव्या-म्हशीचे शेण, हत्ती-घोड्याची लीद, हरिण-शेळी-सशाच्या लेंड्या, पक्ष्यांची शीट. शब्दच निम्मी ओळख करून देतो.

सशाच्या लेंड्या गोल, किंचित चपट्या आणि गवताच्या तुसाने भरलेल्या असतात. चितळाच्या लेंडीचे एक टोक बहुधा निमुळते आणि दुसरे खोलगट असते. नीलगाय, म्हणजे विदर्भातली रोही, पुन:पुन्हा एकाच जागी येऊन विष्ठा टाकते. तिथे लेंड्यांचा ढीग साचतो. चौशिंगा आणि काळवीट यांचीही ही सवय. अस्वलाच्या विष्ठेत हंगाम वाचता येतो. उन्हाळ्यात तिच्यात जांभळाच्या बिया, बहाव्याच्या बिया सापडतात. इतर वेळी वाळवी आणि मुंग्यांचे अवशेष. उदमांजर फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा दगडावर किंवा पडलेल्या ओंडक्यावर टाकते. पाणमांजराच्या विष्ठेत माशांचे खवले आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे दिसतात. तरस हाडे चावून खातो. त्यामुळे त्याची विष्ठा वाळल्यावर पांढरी पडते. मुलांना ही एक खूण चटकन लक्षात राहते.

बिबट्या आणि वाघाच्या विष्ठेत केस असतात. शिकार खाताना गिळलेले केस पचत नाहीत. हाडांचे टोकदार तुकडे आतड्याला लागू नयेत अशा रीतीने ते त्यांच्याभोवती गुंडाळले जातात. विष्ठा पिळदार, तुकड्या-तुकड्यांची आणि टोकाला निमुळती असते. वाघाची बिबट्यापेक्षा जाड आणि कमी पिळाची असते. दोघेही ती बहुधा वाटेच्या मध्यभागी किंवा कडेला, दिसेल अशी टाकतात. हद्द सांगण्याची ती पद्धत आहे. शेजारी मागच्या पायांनी माती उकरल्याचा लांबट ओरखडा असतो. त्यामुळे पाऊलवाटेवर अशी विष्ठा दिसली की प्राणी वाट चुकून आलेला नाही, ही त्याची नेहमीची वाट आहे, असे समजायला हवे. गावकऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी ही माहिती एकट्या ठशापेक्षा मोलाची आहे.

शास्त्रज्ञ आजही विष्ठा का गोळा करतात?

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसर हे याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तिथल्या शेतजमिनीत कॅमेरे लावून अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा या भागात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. हे बिबटे खातात काय, याचे उत्तर विष्ठेने दिले. नमुन्यांतील केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहून शिकार ओळखण्यात आली. प्रत्येक जातीच्या केसाची रचना वेगळी असते, हा त्याचा आधार. वजनाच्या हिशेबात बिबट्याच्या आहाराचा ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. शेळ्यांची संख्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त असूनही आहारात त्यांचा वाटा कमी भरला.

या निष्कर्षाचा गावातल्या व्यवहाराशी थेट संबंध आहे. गोठा बंदिस्त ठेवला, तरी उकिरड्यावर जगणारी भटकी कुत्री असतील तर बिबट्या गावाजवळ टिकून राहतो. कचरा हटवणे हा बिबट्या नियंत्रणाचा भाग आहे, हे भाषणापेक्षा विष्ठेत सापडलेल्या कुत्र्याच्या केसांवरून जास्त पटते.

विष्ठेच्या बाहेरच्या थरात आतड्यातील पेशी चिकटलेल्या असतात. त्यांतून डीएनए मिळवून जात, नर-मादी आणि पुरेसे चांगले नमुने असतील तर नेमका प्राणीही ओळखता येतो. त्यासाठी प्राण्याला पकडावे लागत नाही, बेशुद्ध करावे लागत नाही.

ठशांवरची व्याघ्रगणना मग का सोडावी लागली?

खुणांचे वाचन किती ताणायचे, याचा धडा याच प्रश्नात आहे. ओडिशातील वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६० च्या दशकात वाघाच्या मागच्या पायाचा ठसा काचेवर उतरवून वाघ मोजण्याची पद्धत विकसित केली. १९७२ च्या देशव्यापी गणनेत ती वापरली गेली आणि १,८२७ वाघ असल्याचे सांगण्यात आले. पुढच्याच वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीच्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता. ही पद्धत सोपी, स्वस्त होती आणि वनरक्षकाला जंगलात पायी फिरायला लावत होती.

तिचे गृहीतक असे, की प्रत्येक वाघाचा ठसा वेगळा असतो आणि तज्ज्ञाला तो ओळखता येतो. उल्हास कारंथ यांनी १९८० च्या दशकात याची परीक्षा घेतली. बंदिस्त असलेल्या चारच वाघांच्या ठशांची चित्रे अनुभवी मंडळींसमोर ठेवली, तेव्हा त्यांनी चारपेक्षा जास्त वाघ ‘ओळखले’. माती, उतार, चालण्याचा वेग बदलला की एकाच पायाचा ठसा बदलतो. तरीही पद्धत चालू राहिली. राजस्थानातील सरिस्कामध्ये कागदावर डझनाहून अधिक वाघ दाखवले जात असताना २००५ मध्ये तिथे एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. त्यानंतर सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखालील व्याघ्र कृती दलाने अहवाल दिला, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण अस्तित्वात आले आणि २००६ पासून स्वयंचलित कॅमेरे व संख्याशास्त्रावर आधारलेली नवी पद्धत लागू झाली.

नव्या पद्धतीत ठसे आणि विष्ठा बाद झालेल्या नाहीत. पहिल्या टप्प्यात वन कर्मचारी प्रत्येक बीटमध्ये ठरलेल्या वाटांवर चालून मांसाहारी प्राण्यांच्या खुणा नोंदवतात, लेंड्या मोजतात. कॅमेरे कुठे लावायचे, हे त्यावर ठरते. २०२२ च्या गणनेत देशभरात असे सुमारे ६ लाख ४१ हजार किलोमीटर पायी सर्वेक्षण झाले. देशातील वाघांचा सरासरी अंदाज ३,६८२ आणि महाराष्ट्राचा ४४४ आला, त्यामागे ही पायपीट आहे. ‘हा वाघाचा ठसा आहे’ हे विधान प्रशिक्षित माणूस विश्वासाने करू शकतो. ‘हा अमुक वाघाचाच ठसा आहे’ हे विधान फक्त ठशावरून करू नये. मुलांना शिकवताना हा फरक सुरुवातीलाच सांगायला हवा.

हे ज्ञान आजवर कोणाकडे होते?

महादेव कोळी, ठाकर, कातकरी, वारली, कोरकू, गोंड, माडिया, फासेपारधी अशा समाजांत माग काढणे हा जगण्याचा भाग होता. गुरे राखणारा मुलगा वडिलांबरोबर रानात फिरताना ते शिकत असे. त्यासाठी वेगळा वर्ग नव्हता. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून काम करताना अशा जाणत्यांकडून ऐकलेले शब्द आणि निरीक्षणे आयुष्यभर टिपून ठेवली. त्यामुळे त्यातले काही मराठीत नोंदले गेले. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. बाकीचे बरेचसे ज्ञान अजूनही तोंडीच आहे. मुले निवासी शाळांत गेली, गुरे राखणे कमी झाले, रानात जाण्यावर निर्बंध आले, तशी ते पुढच्या पिढीकडे जाण्याची वाट अरुंद होत गेली.

या कौशल्याची दुसरी बाजूही आहे. माग काढणारा शिकारही करू शकतो आणि राखणही. वन विभागाला आणि संशोधकांना वाघ-बिबट्याचा माग दाखवणाऱ्यांत या समाजांतील अनेक जण असतात, पण त्यांची नोंद ‘रोजंदारी मजूर’ म्हणून होते. दक्षिण आफ्रिकेत लुई लीबेनबर्ग यांनी यावर वेगळा मार्ग काढला. सान समाजातील माग काढणाऱ्यांचे तर्क हे विज्ञानाचेच आद्य रूप असल्याची मांडणी त्यांनी १९९० च्या पुस्तकात केली. लिहिता-वाचता न येणाऱ्या मागकऱ्यांना हातातल्या लहान संगणकावर चित्रे दाबून नोंदी करता येतील, अशी ‘सायबरट्रॅकर’ प्रणाली त्यांनी विकसित केली. माग काढण्याची परीक्षा आणि प्रमाणपत्र ही पद्धतही तिथे रुजली. आपल्याकडे गावातल्या जाणत्या माणसाला शाळेत मानधन देऊन शिकवायला बोलावणे, ही त्या दिशेने साधी सुरुवात ठरेल.

मुलांना शिकवायचे तर कसे?

जंगलात नेण्याची घाई करण्याचे कारण नाही. पहिले धडे शाळेच्या आवारात होतात. कुत्रा, मांजर, शेळी, गाय, कोंबडी, कावळा, खार यांचे ठसे ओळखता आले की कुळांचा फरक कळतो. मांजराचा ठसा म्हणजे बिबट्याच्या ठशाची लहान आवृत्ती. तो एकदा नीट पाहिलेले मूल बिबट्याचा ठसा चुकत नाही.

दुसरी पायरी मागपट्टीची. मैदानाच्या कडेला किंवा पाणवठ्याच्या वाटेवर मीटरभर रुंदीची जागा साफ करून त्यावर बारीक चाळलेली माती पसरायची, संध्याकाळी झाडूने सपाट करायची आणि सकाळी शाळा भरल्यावर पाहायची. रात्रीत कोण आले, कुठून कुठे गेले, एकटे होते की जोडीने, याची नोंद वहीत करायची. वन विभागाचे कर्मचारीही खुणा नोंदवण्यासाठी हीच युक्ती वापरतात. चांगला ठसा मिळाला तर त्याभोवती पुठ्ठ्याचे कडे ठेवून त्यात प्लास्टर ऑफ पॅरिसचे मिश्रण ओतले की साचा तयार होतो. वर्षभरात शाळेचा स्वत:चा संग्रह उभा राहू शकतो.

नोंद करताना तीन सवयी लावाव्या लागतात. छायाचित्रात ठशाशेजारी पट्टी किंवा पेन ठेवणे, म्हणजे आकार कळतो. तारीख, वेळ, माती ओली की कोरडी हे लिहिणे. आणि निष्कर्षापुढे आपली खात्री लिहिणे : नक्की, बहुधा किंवा सांगता येत नाही. तिसरी सवय सर्वांत अवघड आहे. परीक्षेत उत्तर रिकामे ठेवले की गुण जातात, असे शिकलेल्या मुलाला ‘सांगता येत नाही’ हेही प्रामाणिक उत्तर असते, हे मुद्दाम शिकवावे लागते.

यात धोके कोणते?

पहिला आरोग्याचा. मांसाहारी प्राण्यांच्या विष्ठेत परजीवी कृमींची अंडी असू शकतात. कुत्रा, कोल्हा, लांडगा यांच्या विष्ठेतील फीतकृमींची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात, फुप्फुसांत गाठी होऊ शकतात. म्हणून विष्ठा हाताने उचलायची नाही, जवळ तोंड नेऊन वास घ्यायचा नाही, वाळलेली विष्ठा फोडून धूळ उडवायची नाही. काडीने बाजूला करून पाहायचे आणि साबणाने हात धुवायचे. लहान मुलांसाठी खऱ्या नमुन्यांऐवजी माती किंवा पिठाचे नमुने पुरतात.

दुसरा धोका प्रत्यक्ष प्राण्याचा. ताज्या ठशाचा माग काढत उसात किंवा झुडपात शिरणे ही जिवावर बेतणारी गोष्ट आहे. ताजा ठसा दिसला की मागे फिरायचे, मोठ्यांना सांगायचे, हा नियम धड्याच्या पहिल्या ओळीत हवा. अंधार पडताना आणि पहाटे हा अभ्यास करायचा नाही.

तिसरा धोका कमी बोलला जातो. वाघाच्या किंवा खवल्या मांजराच्या खुणांचे नेमके ठिकाण समाजमाध्यमावर गेले, तर ते शिकाऱ्यापर्यंतही पोहोचते. नोंदवही शाळेत आणि वन विभागाकडेच राहायला हवी. अभयारण्यात शिरायला आणि तिथून काहीही उचलून आणायला परवानगी लागते, हेही मुलांना सांगायला हवे.

शाळेच्या वेळापत्रकात जागा आहे का?

एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले आणि २००३ मध्ये त्यांच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा आदेश दिला. विषय आला, पण बहुतेक ठिकाणी तो प्रकल्पवहीत चित्रे चिकटवण्यापुरता राहिला. पुस्तकात पेंग्विन आणि ध्रुवीय अस्वल भेटते, घरामागून रोज जाणारे उदमांजर भेटत नाही.

जागा मात्र आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. राज्यात पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या ‘चला माझ्या ताडोबाला’ उपक्रमात आसपासच्या गावांतील शाळकरी मुलांना जंगल दाखवले जाते. अशा उपक्रमांत सफारीच्या गाडीतून वाघ दिसला की नाही, यापेक्षा मुले खाली उतरून वाळूतला ठसा किती वेळ पाहतात, याला महत्त्व दिले तर खर्च वाढणार नाही. फिरते शिक्षक म्हणून वनरक्षक, वनमजूर आणि गावातील प्राथमिक बचाव दलाचे सदस्य उपलब्ध आहेत. शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सोय आणि त्या तासाला वेळापत्रकात हक्काची जागा, या दोन गोष्टींचा निर्णय व्हायला हवा.

भरपाईशी याचा काय संबंध?

महाराष्ट्रात वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास वारसांना २५ लाख रुपयांची मदत मिळते. जखमी माणसे, मारली गेलेली जनावरे आणि पिकांचे नुकसान यांसाठीही दर ठरलेले आहेत. पण नुकसान कोणत्या प्राण्याने केले, हे पंचनाम्यात सिद्ध व्हावे लागते. शेळी बिबट्याने मारली असेल तर मानेवर किंवा गळ्यावर सुळ्यांच्या खोल जखमा दिसतात. कुत्र्यांच्या टोळीने मारली असेल तर मांड्या आणि पोट फाडलेले असते. मक्याचे शेत रानडुकरांनी तुडवले की रोह्यांनी खाल्ले, हे खूर आणि लेंड्यांवरून कळते. पंचनामा होईपर्यंत माणसांची आणि गुरांची वर्दळ होऊन खुणा पुसल्या जातात, आणि मग अर्ज अडतो. घरातल्या आठवीतल्या मुलाला ठशावर टोपली पालथी घालून तो राखायचा आणि पट्टी ठेवून छायाचित्र काढायचे, एवढे माहीत असेल, तर शेतकऱ्याच्या हातात पुरावा राहतो.

याने हल्ले थांबतील का?

थांबणार नाहीत, आणि तसे आश्वासन देऊन हा विषय शाळेत आणणे चुकीचे ठरेल. ऊसपट्ट्यातील हल्ल्यांत बळी पडणारी मुले अनेकदा घराच्या अंगणात किंवा शेताच्या कडेला, क्षणार्धात सापडतात. तिथे ठसा ओळखण्याची संधीच नसते. त्यावर उत्तर आहे ते शौचालय, वस्तीवरचा दिवा, बंदिस्त गोठा, शाळेपर्यंतची वाहतूक, कचऱ्याची विल्हेवाट आणि वन विभागाची वेळेवर येणारी गस्त. ही जबाबदारी शासनाची आणि ग्रामपंचायतीची आहे. मुलांना प्राणी ओळखता येतो, म्हणून ती त्यांच्या खांद्यावर ढकलता येणार नाही.

शिक्षणाने साधेल ते वेगळे आहे. अफवा आणि खरी नोंद यांत फरक करणारी माणसे गावातच तयार होतील. बिबट्याची ये-जा कोणत्या वाटेने आणि कोणत्या दिवसांत वाढते, हे वन विभागाला शाळेच्या वहीतून कळू शकेल, आणि पिंजरा अंदाजाने लावण्याऐवजी माहितीवर लावता येईल. ओळख नसलेल्या प्रत्येक ठशाला बिबट्या समजून तरसाच्या पिलांवर, रानमांजरावर, उदमांजरावर दगड-काठ्या पडण्याचे प्रकारही कमी होऊ शकतील. बिबटप्रवण आणि व्याघ्रक्षेत्रालगतच्या तालुक्यांतील काही शाळांत एका वर्षासाठी मागपट्टी आणि नोंदवही सुरू केली, तर खर्च माती, झाडू आणि प्लास्टर एवढाच येईल. त्या वह्या वर्षअखेरीस वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याने उघडून पाहिल्या, तरच मुलांच्या नोंदींचा उपयोग होईल.